रात्रीच्या फेजची सायकल

स्मरणिकेसाठी गावाच्या इतिहासावर काहीतरी लिही, असा निरोप आला तेव्हा माझ्याआधीच इतरांनी किल्ला मागून घेतला होता. साहजिक आहे. हरी सदाशिव दामोदर यांनी १७२७ मध्ये बांधलेला भुईकोट, त्याचा खंदक, झाशीच्या नेवाळकर घराण्याशी असलेले जहागिरीचे नाते. पारोळ्याचा इतिहास म्हटला की सगळ्यांची पावले तिकडे वळतात. मी सायकल मागितली. तीही हिवाळ्यातली, अंधार पडल्यानंतरची. फोनवरचा वर्गमित्र हसला आणि म्हणाला, "त्यात कसला आलाय इतिहास?" त्याचे वडीलही त्या काळी रात्री बाराला सायकल काढून वावरात जायचे, हे तो विसरला असावा.

आधी अंधाराचा हिशोब मांडते. माझा धंदा आकड्यांचा असल्यामुळे ही खोड तुम्ही सहन करावी. पारोळ्याच्या अक्षांश-रेखांशावरून गणित केले तर जूनच्या शेवटी आपल्याकडे सूर्य सव्वासातच्या सुमारास मावळतो आणि नोव्हेंबरच्या शेवटच्या आठवड्यात पावणेसहालाच. दीड तासाचा फरक. गंमत अशी की वर्षातला सर्वांत लहान दिवस २२ डिसेंबरच्या आसपास असला तरी सर्वांत लवकर सूर्यास्त त्याच्या जवळजवळ महिनाभर आधी होऊन गेलेला असतो. सर्वांत उशिरा सूर्योदय मात्र संक्रांतीच्या सुमारास, सात वाजून दहा मिनिटांच्या आगेमागे. म्हणजे दिवाळीची सुट्टी संपून शाळा भरली की संध्याकाळ अंगावर यायची आणि पूर्वपरीक्षेच्या काळात सकाळच्या सहाच्या शिकवणीला जाताना पहाट नव्हे, चक्क रात्र असायची. आपल्या १९९६ च्या बॅचने दहावीचा तो हिवाळा दोन्ही टोकांनी अंधारात काढला.

या अंधारात सायकल चालवायची तर दिवा हवा, हा नियम फार जुना आहे. इंग्लंडमध्ये १८८८ च्या स्थानिक स्वराज्याच्या कायद्यात सायकलला घंटी आणि रात्रीचा दिवा सक्तीचा झाला आणि साहेबाचे असे नियम त्याच्या सायकलींबरोबर आपल्याकडेही आले. बिनबत्तीची सायकल आणि डबल सीट हे आपल्या वडिलांच्या पिढीचे दोन लाडके गुन्हे. राज्यातल्या अनेक नगरपालिका सायकलीवर वार्षिक कर घेत आणि कर भरल्याची खूण म्हणून पत्र्याचा किंवा पितळेचा बिल्ला देत. हॅन्डलजवळ किंवा पुढच्या मडगार्डावर तो ठोकलेला असे.

सायकली सुरुवातीला विलायतेहून येत, तेव्हा ती चैन होती. मुंबईत वरळीला हिंद सायकल्सचा कारखाना निघाला, मग १९५१ मध्ये सोनिपतला ॲटलास आणि १९५६ मध्ये लुधियान्याला हिरो आली. त्यानंतर काळी, दांड्याची, सळईच्या ब्रेकची सायकल खानदेशातल्या खेड्यापाड्यांत पोचली. पारोळ्याला रेल्वे नाही. सुरत-भुसावळ मार्ग अमळनेरवरून जातो आणि स्टेशन वीसेक किलोमीटरवर. एसटीची शेवटची गाडी चुकली की त्या सायकलीशिवाय दुसरे साधन नसे. कॅरिअरवर ट्रंक बांधून रात्रीची गाडी पकडायला अमळनेर गाठलेल्या माणसांच्या गोष्टी आपल्यातल्या बऱ्याच जणांनी आजोबांच्या तोंडून ऐकल्या असतील.

दिव्याचा प्रवास निराळा. आधी रॉकेलची छोटी दिवटी, मग कार्बाइडचा दिवा. वरच्या डबीतून पाण्याचे थेंब खालच्या कार्बाइडवर पडत, ॲसिटिलीन वायू तयार होई आणि तो जळून पांढरा लख्ख उजेड पडे. आपल्या जिल्ह्याला कार्बाइडची ओळख केळी पिकवण्यासाठी आहे, पण त्याआधी त्याने सायकलवाल्यांना वाट दाखवली आहे. त्याचा वास ज्यांनी घेतला ते तो विसरत नाहीत म्हणे. आपल्या वाट्याला आला तो डायनामो.

विज्ञानाच्या सरांनी वर्गात डायनामो आणला होता तो दिवस आठवतो? टेबलावर सायकल उलटी ठेवून, पायडल हाताने फिरवून त्यांनी दिवा लावून दाखवला होता. फॅरेडेने १८३१ मध्ये दाखवले की तारेच्या वेटोळ्याजवळ चुंबक हलवला तर तारेत वीज येते. बाटलीच्या आकाराच्या त्या डबीत तेवढेच आहे: टायरला घासून फिरणारा चुंबक आणि भोवती वेटोळे. सहा व्होल्ट, तीन वॅट. त्यातले २.४ वॅट पुढच्या दिव्याला, ०.६ मागच्या लाल दिव्याला. पुढचा बल्ब उडाला की थोड्याच वेळात मागचाही का उडतो, हे सरांना कोणीतरी विचारले होते. सर म्हणाले, "पुढच्याचा वाटा मागच्याला गिळावा लागतो." पुढे इंजिनिअरिंगला गेल्यावर मला कळले की उत्तर अगदी बरोबर होते. डायनामो प्रवाह जवळजवळ ठरलेलाच देतो, घेणारा एक कमी झाला की सगळा दुसऱ्याच्या अंगावर येतो.

पण डायनामोचा खरा दोष त्या वर्गात दिसला नव्हता, कारण सर पायडल जोरात फिरवत होते. डायनामो वेगावर जगतो. डांबरी रस्त्यावर ताशी बारा-पंधरा किलोमीटरने जाणाऱ्याला तो भरपूर उजेड देतो. चढावर, चिखलात, खड्ड्यांत, जिथे उजेडाची खरी गरज, तिथे माणूस हळू होतो आणि दिवा पिवळा पडतो. थांबलात की संपले. म्हणजे समोर काहीतरी सळसळले म्हणून तुम्ही ब्रेक दाबलात, तर नेमके त्याच क्षणी काय सळसळले ते दिसायचे बंद होते.

हे मुलींना फार लवकर कळले. आमच्या वर्गात शेजारच्या खेड्यांतून सायकलने येणाऱ्या मुली होत्या. पाच-सहा किलोमीटर, त्यातला काही भाग महामार्गाच्या कडेने. तेव्हा तो राष्ट्रीय महामार्ग क्रमांक सहा होता, आता त्रेपन्न झाला आहे. सुरत-नागपूरच्या ट्रक अप्पर लाईट मारत समोरून आल्या की डोळ्यांपुढे काजवे, आणि ट्रक गेल्यावर दुप्पट अंधार. मुली घोळक्याने जात. जिच्या सायकलीला डायनामो ती सगळ्यांत पुढे, आणि बाकीच्या तिच्या उजेडाचा माग धरून. पुढे असणे हा मान नव्हता. डायनामो टायरला टेकला की सायकल जड होते, त्यामुळे तिचे पाय सर्वांत जास्त दुखत. मी गावातच राहणारी. मला दिवेलागणीच्या आत घरात हो, एवढाच नियम होता आणि तो मोडला तर फक्त आईचा ओरडा होता. त्यांच्यासाठी तो नियम शिक्षणाचा होता.

नववीच्या हिवाळ्यात गणिताचे जादा तास सुरू झाले. साडेसहाला सुटत. वेळ सगळ्यांच्या सोयीने ठरली होती आणि खरोखर कोणाच्याही मनात काही वाईट नव्हते. दिवाळीनंतर त्या घोळक्यातली एक मुलगी आधी जादा तासांना येईनाशी झाली, मग शाळेला. डायनामोवाली तीच होती. तिच्या घरच्यांनी सांगितले, "पोर अंधारात येते, जीव टांगणीला लागतो." पुढच्या वर्षी तिचे लग्न झाले. तिचे नाव मी लिहीत नाही, पण ती गणितात माझ्यापुढे होती, हे या वहीत कुठेतरी नोंदले जावे म्हणून लिहिते.

बिहारमध्ये २००६ पासून नववीच्या मुलींना सायकलसाठी पैसे देण्याची योजना सुरू झाली. कार्तिक मुरलीधरन आणि निशिथ प्रकाश या अर्थतज्ज्ञांनी तिचा अभ्यास केला, तेव्हा योग्य वयात माध्यमिक शाळेत दाखल होणाऱ्या मुलींचे प्रमाण ३२ टक्क्यांनी वाढल्याचे दिसले. आपल्या राज्यातही मानव विकास कार्यक्रमातून १२५ तालुक्यांत आठवी ते बारावीच्या गरजू मुलींना सायकली मिळतात. मी पाहिलेल्या त्या सायकलींना पुढे टोपली होती, चेनला कव्हर होते, घंटी होती. दिवा एकीलाही नव्हता.

आता वावराकडे येते, कारण हिवाळ्याच्या रात्री पारोळ्याच्या शिवारात सगळ्यांत जास्त सायकली कोणी चालवल्या असतील तर त्या शेतकऱ्यांनी. आणि त्या त्यांना विजेने चालवायला लावल्या. वीज आली की रात्रीचा अंधार कमी होईल, असे आपण समजतो. शेतकऱ्याच्या बाबतीत उलटे झाले. मोटेच्या काळात तो सूर्य उगवल्यावर विहिरीवर जाई आणि मावळल्यावर बैल सोडून घरी येई. बैलांनाच रात्री सुट्टी म्हटल्यावर माणसालाही सुट्टी. विहिरीवर मोटार बसली आणि पाण्याची वेळ सूर्याकडून वेळापत्रकाकडे गेली.

हे का झाले, ते थोडक्यात सांगते. मोठ्या प्रमाणावर वीज साठवून ठेवणे अवघड असते, ती बहुतेक ज्या क्षणी तयार होते त्याच क्षणी कोणीतरी वापरावी लागते. संध्याकाळी सहा ते दहा घराघरांत दिवे, कारखान्यांत यंत्रे, तेव्हा ती अपुरी पडते. मध्यरात्री शहर झोपले की मागणी घसरते, पण दीपनगरसारख्या औष्णिक केंद्राच्या भट्ट्या काही तासांसाठी विझवून पहाटे पुन्हा पेटवता येत नाहीत. तेव्हा रात्रीच्या त्या रिकाम्या जागेत शेतीपंप बसवले गेले. कागदावर हे उत्तम अभियांत्रिकी आहे. मी स्वतः सर्व्हरवरची जड कामे रात्री दोनला लावते, ती याच तर्काने. फरक इतकाच की माझ्या सर्व्हरला थंडी वाजत नाही.

आमच्याकडे एक आठवडा दिवसाची आणि एक आठवडा रात्रीची थ्री फेज असे. पुढे राज्यात बराच काळ दिवसा आठ तास किंवा रात्री दहा तास अशी फिरती पाळी राहिली. आता गव्हाचे गणित जोडा. नोव्हेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात पेरलेल्या गव्हाला पहिले महत्त्वाचे पाणी १८ ते २१ दिवसांनी लागते, मुकुटमुळे फुटताना. मग ४० ते ४५ दिवसांनी कांडी धरताना, ६० ते ६५ दिवसांनी फुलोऱ्यात आणि ८० ते ८५ दिवसांनी दाणे भरताना. पहिले पाणी चुकले की फुटवे कमी, शेवटचे चुकले की दाणा बारीक. पाळ्या मोजून पाहा, नोव्हेंबरच्या शेवटापासून फेब्रुवारीच्या सुरुवातीपर्यंतचा काळ. पारा दहाच्या खाली जातो तेच दिवस. दादर जमिनीच्या ओलीवर येते म्हणून तिचे एक बरे होते. गहू, हरभरा, कांदा करणाऱ्याला मात्र पर्याय नव्हता. तामसवाडीच्या बोरी धरणाचे पाणी मिळते त्या भागाचे निराळे; विहिरीवरच्या शेतीला रात्रच होती.

आबांची सायकल बावीस इंची, काळी. तिलाही डायनामो होता, पण आबा तो गावाबाहेर पडेपर्यंतच लावत. शेवटचा खांब गेला आणि गाडवाट लागली की खटका मागे ओढून तो टायरपासून सोडवत आणि हॅन्डलला ट्यूबच्या पट्टीने बांधलेली तीन सेलची बॅटरी लावत. का, ते वर लिहिलेच आहे: गाडवाटेवर सायकल चालण्याच्या वेगाने जाते, तिथे डायनामो कामाचा नाही. शिवाय बॅटरी सायकल थांबवूनही जळते, विहिरीत डोकावता येते, दारे धरताना दाताखाली धरता येते. सेल महाग, म्हणून चांदण्या रात्री बॅटरीही बंद. डोक्याला मफलर, त्यावर टोपी, अंगावर घोंगडी, खांद्याला फावडे. अंथरुणात मला ऐकू यायचा तो क्रम अजून पाठ आहे. आधी गल्लीतून कोणाची तरी हाळी, "लाईट उनी का रे भो?" मग आमच्या दाराची कडी, स्टँड पाडल्याचा आवाज, डायनामोची घूंऽऽ लांब जात जाणारी. ती मध्येच बंद पडली की समजायचे, आबा गावाबाहेर पडले.

पुष्कळांनी मोटारीला ऑटो बसवले होते. लाईट आली की मोटार आपोआप सुरू. पण मोटार सुरू होणे म्हणजे पाणी देणे नव्हे. एक वाफा भरला की दारे मोडून पाणी दुसऱ्यात सोडावे लागते, नाहीतर पहिल्यात गहू कुजतो आणि शेवटचा कोरडा राहतो. त्यामुळे माणूस जाणारच. शिवारात चार-पाच शेकोट्या दिसत, प्रत्येकीजवळ एकेक सायकल झाडाला टेकवलेली.

१९९४ च्या डिसेंबरात एका रात्री आबांची सायकल कोणीतरी नव्याने काढलेल्या चारीत गेली. पुढचे चाक अडकले, ते हातावर पडले. मनगट मोडले होते. लाईट चारपर्यंत होती, म्हणून ते चारपर्यंत तिथेच थांबले, एका हाताने दारे धरली आणि मग एका हाताने हॅन्डल धरून घरी आले. सकाळी आईने हात पाहिला तेव्हा तो कोपरापर्यंत सुजला होता. "गहूले पाणी भेटनं ना," एवढेच ते म्हणाले. त्या दिवशी मी शाळेत आले नव्हते. हजेरीत कारण "ताप" असे लिहून दिले होते, ते आज दुरुस्त करते. वडिलांचा हात वेळापत्रकामुळे मोडला, हे चौदा वर्षांच्या मुलीला चिठ्ठीत कसे लिहावे ते सुचले नाही.

नंतर इंजिनिअर झाले आणि एकदा पुण्याच्या संतोष ओस्तवाल यांच्याविषयी वाचले. म्हाताऱ्या आजोबांना रात्री-अपरात्री पंप सुरू करायला जाताना त्यांनी लहानपणी पाहिले होते. त्यातून पुढे त्यांनी 'नॅनो गणेश' हे उपकरण केले. मोबाइलवरून फोन लावायचा, लाईट आहे की नाही ते कळते, आणि मोटार घरी बसून सुरू किंवा बंद करता येते. २००९ मध्ये त्याला नोकियाच्या जागतिक स्पर्धेत पारितोषिक मिळाले. मला आनंद झाला आणि खरे सांगते, थोडी लाजही वाटली. तोच आवाज अंथरुणातून ऐकून मी बाहेर पडले, आणि इतकी वर्षे ज्यांना रात्री कुठे जावे लागत नाही अशा लोकांसाठी प्रोग्राम लिहिले. जैन इरिगेशनच्या ठिबकने दारे धरण्याचे कामही बरेच कमी केले. दोन्ही एकत्र आले तेव्हा कुठे वावरातली रात्रीची सायकल खऱ्या अर्थाने थांबू लागली.

दिवसा वीज द्यायची तर उन्हापासून करायची, हा विचार त्यानंतरचा. २०१७ मध्ये मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना आली, २०२३ मध्ये तिची दुसरी आवृत्ती. शेतीच्या वाहिनीजवळच सौर प्रकल्प उभारायचा आणि पंपांना दिवसा वीज द्यायची. ज्या सूर्याच्या वेळापत्रकातून मोटारीने शेतकऱ्याला बाहेर काढले, त्याच वेळापत्रकात तो परत चालला आहे. सगळीकडे पोचले असे नाही. रात्रपाळीची वावरे अजून आहेत, फक्त आता तिथे मोटारसायकलने जातात.

दिव्याचीही गोष्ट पूर्ण करायला हवी. आपण दहावीला बसलो त्याच १९९६ मध्ये जपानच्या निचिया कंपनीने पांढरा एलईडी बाजारात आणला. आपल्याला पत्ताही नव्हता. ज्या निळ्या एलईडीवर तो उभा आहे त्याला २०१४ चे भौतिकशास्त्राचे नोबेल मिळाले. आज पाचशे रुपयांच्या आत सायकलला असा दिवा येतो की तो थांबल्यावरही जळतो आणि हळू चाललात तरी पिवळा पडत नाही. पुण्यात आमच्या सोसायटीतले काही जण हिवाळ्यात हौसेने रात्रभर सायकल चालवतात. ब्रेव्हे म्हणतात त्याला. ३०० किलोमीटर, वीस तासांत. पुढे दिवा, मागे दिवा, अंगात चमकणारे जाकीट, नसेल तर सुरुवातच करू देत नाहीत. त्यांच्याबरोबर मीही एकदा गेले. पहाटे तीनला घाटाखाली थंडीने बोटे वाकेनात तेव्हा एक तरुण सहकारी म्हणाला, "मॅडम, असला वेडेपणा आपल्या आधी कोणी केला नसेल." मी त्याला काही सांगत बसले नाही. चढ सुरू झाला होता.

आबांची सायकल अजून ओसरीत आहे. गेल्या संक्रांतीला मी तिचा डायनामो काढला, रॉकेलने पुसला. टायरवर घासून त्याच्या चाकाचे दाते साफ गुळगुळीत झाले आहेत. दोन तारा एलईडीला जोडल्या आणि चाक बोटांनी फिरवले, तर तो लुकलुकला. आबा पाहत होते. त्यांनी मोडलेल्याच हाताने तो माझ्याकडून घेतला आणि माझ्यापेक्षा जोरात फिरवला.

स्नेहमेळाव्याला तो डायनामो घेऊन येणार आहे. तुमच्यापैकी कोणाच्या माळ्यावर नगरपालिकेचा सायकलीचा बिल्ला, कार्बाइडचा दिवा किंवा जुन्या मोटारीचा ऑटो पडला असेल तर घेऊन या. सर येणार असतील तर त्यांना एक सायकल उलटी करून ठेवू. आणि त्या घोळक्यातल्या डायनामोवालीचा पत्ता कोणाजवळ असेल तर संयोजकांना जरूर कळवा. तिला निमंत्रण गेलेले नाही, कारण आपल्या दहावीच्या यादीत तिचे नावच नाही.